सुईत न ओवलेला दोरा

मरोळ, अंधेरी

शकुबाई, थोरल्या बहिणीचा जयभीम घे.

आज सकाळी सगळ्यात आधी कोण आलं सांगू? दवाखान्यातली गंधाली! आणि तिच्यामागून रक्ताच्या नळ्या घेऊन अजून एक पोरगी. मला काय आनंद झाला! थायरॉईडच्या गाठीसाठी ते किरणांचं आयोडीनचं औषध दिलं, तेव्हा कुणी जवळ फिरकत नव्हतं. आता बघ, माणसं घरी येतात.

गंधाली म्हणाली, "आजी, त्या औषधाने लाळेच्या गाठी दुखावतात. किती दुखावल्या ते रक्तात कळतं." मी म्हटलं, "घे बाई रक्त, पण चहा पण घे."

माझं बरं चाललंय, काळजी करू नको. भाकरी आमटीत कुस्करली की उतरते घशाखाली. नातीच्या बाळासाठी गोधडी शिवतेय. सुईत ओवायचा म्हणून दोरा तोंडात ओला करायला गेले, तर कोरडाच निघाला. परत धरला, तरी कोरडाच. गंधाली बघत होती. तिने बोटाला पाणी लावून ओवून दिला.

मी विचारलं, "मागच्या रक्तात काय निघालं गं?"

"लाळेच्या गाठींचा आकडा उतरायला हवा होता, आजी. वाढलाय." चहा तसाच ठेवून गेल्या दोघी.

तुझे गुडघे कसे आहेत? शेक घेतेस ना?

पुढच्या वेळी त्यांना शिरा करीन. चव सुनेला बघायला लावीन, मला हल्ली कळत नाही. शनिवारी परत येतो म्हणाल्या, मोठ्या डॉक्टरीणबाईंना घेऊन. त्या दिवशी मुलाला घरीच थांबवा म्हणाल्या.

तुझी रतनअक्का