५.२.७ निघालीच नाही

३ जून, सोमवार
नोकरीचा पहिला दिवस निर्विघ्न पार पडला. खिडकीशेजारचे टेबल मिळाले, हे विशेष.

आमची कंपनी एक ऑनलाइन खेळ चालवते. हजारो खेळाडू एका काल्पनिक गावात घरे थाटतात, पात्रे सांभाळतात, शेजाऱ्यांशी भांडतात. गाव ज्या सर्व्हरवर चालते, त्यावर वरचेवर पॅच, म्हणजे दुरुस्तीची ठिगळे, लावावी लागतात. प्रत्येक पॅचनंतर गावाची नवी आवृत्ती निघते आणि तिला क्रमांक देणे हे माझे काम. विभागप्रमुख बाईंना पाठीमागे सारे आकडेबाई म्हणतात. त्यांनी नियम सांगितला: दोष काढला तर शेवटचा आकडा वाढवायचा, नवी भर घातली तर मधला, आणि मग शेवटचा पुन्हा शून्यावर. पहिल्या आकड्याला आपण हात लावायचा नाही. मी खाली मान घालून लिहून घेत होते, तर म्हणाल्या, अगं, वर बघ जरा, टेबल काही तुझी तोंडी परीक्षा घेणार नाहीये. सगळे हसले. मीही हसले बहुधा.

सरावासाठी दोषनोंदीचा तक्ता दिला: कोणतेही एक पात्र घ्या, त्याचे दोष लिहा. खेळ मी कधी खेळलेले नाही. म्हणून आईविषयी लिहिले. ओळी सात होत्या. एकही कोरी सोडली नाही.

आईला कामाचे स्वरूप सांगितले. म्हणाली, डब्यांवर चिठ्ठ्या मीही वीस वर्षे लावतेय, मला नाही कुणी खिडकीपाशी बसवले! वाक्य संपायच्या आधीच तिला हसू फुटले होते.

६ जून, गुरुवार
५.२.१ निघाली. बदलांच्या यादीत एकच ओळ होती: ‘तोच प्रश्न तीनदा विचारणे थांबवले.’ माझ्या तक्त्यातली पहिली ओळ जवळजवळ अशीच होती. योगायोगाची गंमत वाटली.

घरी आल्यावर आईने जेवणार का, असे एकदाच विचारले. खरे सांगायचे तर बरे वाटले.

१२ जून, बुधवार
५.२.२: काम करताना बेसूर गुणगुणणे बंद. ५.२.३: डोक्यावरचा चष्मा घरभर शोधणे बंद.

स्वयंपाकघरात केवळ भांड्यांचा आवाज असतो. चष्मा जागेवर असतो.

आज जुन्या नोंदी तपासल्या. माझा सरावाचा तक्ता खऱ्या तक्रारींत जमा झालेला आहे. चुकीच्या फोल्डरमध्ये मीच ठेवला होता. आकडेबाईंना सांगायला जीभ रेटेना, तरी सांगितले. त्या म्हणाल्या, सरावाच्या कागदाने कुणाची आई बदलते का गं, वाचन जरा कमी कर. शिवाय नोंदलेली तक्रार मागे घेण्याची पद्धत नाही. ती दुरुस्त होते, तेव्हाच बंद होते.

१९ जून, बुधवार
काल ५.२.४, आज ५.२.५. आई आता फोनवर घरच्या गोष्टी सांगत बसत नाही. स्वतःच्या विनोदावर आधीच हसत नाही. विनोदच करत नाही. मावशीने मला ऑफिसात फोन करून विचारले, ताईचे काय बिनसलेय, दोन वाक्यांत फोन ठेवते, मी काही बोलले का तिला?

कामाची गडबड असेल, असे सांगून मी फोन ठेवला.

दोन ओळी उरल्या आहेत. सहावी: दार न वाजवता माझ्या खोलीत येते. सातवी: अजूनही चारचौघांत मला चिंगे म्हणते.

रडू यायला हवे होते. मी यादी नीट लावली.

२४ जून, सोमवार
५.२.६.

आईने दार वाजवले. मी ‘ये’ म्हणेपर्यंत बाहेर उभी होती. धुतलेले कपडे ठेवले आणि म्हणाली, चिंगे, यात तुझा निळा सदरा नाही. एवढेच. ती हाक अजून शाबूत आहे.

२५ जून, मंगळवार
उपाय सापडला. मधला आकडा वाढला, की जुन्या मालिकेतल्या साऱ्या दुरुस्त्या, झालेल्या आणि उरलेल्याही, आपोआप रद्द होतात. ५.२.७ निघणारच नाही. मात्र भर खरोखर नवी हवी. आईचे हसणे परत आणा, असे लिहिले तर ती दुरुस्ती ठरते.

आईच्या पात्राची नोंद उघडली. दोष सात. नातेवाइकांचा रकाना रिकामा. मी स्वतःला लिहिलेच नव्हते. म्हणजे मी नवी ठरते.

भर: मुलगी, एक.

आकडेबाईंनी सही केली. म्हणाल्या, शाब्बास, आता कशी शहाण्यासारखी कामे करतेस.

२७ जून, गुरुवार
५.३.० निघाली. चित्रविभागाने मुलगी तयार केली आहे. आखूड केस, मोठे डोळे, बडबडी. माझ्यासारखी नाही. माझा फोटो त्यांना कुणी दिला नव्हता. मीही दिला नाही.

घरी आई गुणगुणत होती. बेसूर. मी दारातच उभी राहिले. आई, म्हटले. तिने वर पाहिले नाही. गुणगुणणे थांबले नाही.

२८ जून, शुक्रवार
सकाळी स्वयंपाकघरात दोघींचे हसणे. आखूड केस. माझ्या खुर्चीवर. आई तिला विचारत होती, खाल्लेस का — पुन्हा — पुन्हा एकदा. तिला चिंगे म्हणाली.

मी ओ दिली.

कुणीही —

ऑफिसात माझ्या टेबलावर दुसऱ्या कुणाची तरी बॅग. आकडेबाईंसमोर उभी राहिले. त्यांनी माझ्यातून खिडकीकडे पाहिले. नोंदीत ‘मुलगी, एक’. दुसरी लिहायला गेले. रकाना घेत नाही.

२९ जून, शनिवार
माझ्याच खोलीत आहे. आईचे हसणे ऐकू येते आहे. ते परत आले. मला तेच तर —

दुपार. दार न वाजवता दोघी आत आल्या. ती विचारते आहे, ही खोली कुणाची गं. आई म्हणाली, कुणाची नाही, कधीची रिकामीच पडलीय. सामान ठेवू इथे.

खोकी आणताहेत. एक पलंगावर. एक दारामागे. आई चष्मा शोधते आहे, तो डोक्यावर आहे, सांगावेसे —

तिसरे खोके आईच्या हातात आहे. ती टेबलाकडे येते आहे. टेबल मोकळे आहे असे म्हणाली. मी लिहिते आहे, आई, इथे माझा हात