सारिकाच्या फॉर्मवरची सही

गुरुवार, १४ जून

आज हिंजवडीला सारिकाच्या घरी गेले होते. इंजिनिअरिंगच्या फॉर्मवर तिच्या वडिलांची सही हवी होती. माझ्या डिझाइनच्या वर्गात तिने आईसाठी केलेली, भरलेला हंडा ओट्यावर चढवणारी कप्पी स्वयंपाकघरात बसवलेली दिसली. ती कप्पी रोज वापरतात, तरी सही न करताच फॉर्म परत देत वडील म्हणाले, "पोरगी हुशार हाय बाई, पन लग्न ठरलंय. जावई आयटीत हाय." सारिका मान खाली घालून चहा गाळत राहिली. तिला स्वप्नं दाखवायची घाई मीच केली का? घरच्यांशी आधी का नाही बोलले?

निघताना तिची आई फाटकापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "धाकटीला घ्याल का तुमच्या वर्गात?"

मला हो म्हणता आलं नाही.