कोऱ्या पाण्यातली टेकडी

ता. ४ मार्च
चि. टिटवीस,
अ. उ. आ.
तू सांगितलंस तशी सकाळची पहिली लघवी काचेच्या बाटलीतून पाठवते आहे. पार्सल बांधताना तुझ्या भावजींनी एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं. तिसरा महिना लागलाय. आधीची दोन्ही याच महिन्यात गेली. प्लॅस्टिकमधून अंगात शिरून हार्मोनचं सोंग घेणारं ते रसायन माझ्यात किती आहे, तेवढं तुझ्या प्रयोगशाळेत मोजून सांग.
मोठ्यांस नमस्कार. पुढचं 'लहानांस आशीर्वाद' लिहिताना पेन अडतं, म्हणून गाळते.
तुझी, ताई

ता. १३ मार्च
ती. ताईस,
सा. न.
यंत्राच्या पडद्यावर रेषा सपाट चालली होती, आणि मध्येच तिला त्या रसायनाची टेकडी उगवली. मी बघतच राहिले. आकडा नेहमीच्या नमुन्यांपेक्षा बराच वर आहे. तुझ्यापासून लपवणं जमलं नाही. पण आकड्याला भविष्य कळत नाही, घाबरू नकोस.
तुझी, टिटवी

ता. २० मार्च
चि. टिटवीस,
अ. उ. आ.
प्लॅस्टिकचे डबे माळ्यावर टाकले. घास घशाखाली उतरत नाही. दुपारी डोळा लागला की मी पाण्याच्या तळाशी असते आणि वर तुझी टेकडी तरंगते. तिच्यावर एक पोर पाठमोरं बसलेलं असतं. हाक मारायला नाव सुचत नाही.
पुन्हा नमुना पाठवू? मागच्यासारखाच झाकणाखाली प्लॅस्टिकचा कागद लावते, म्हणजे थेंबही सांडणार नाही.
तुझी, ताई

ता. २९ मार्च
ती. ताईस,
सा. न.
कागदाचं वाचलं आणि कपाळावर हात मारला! बाटली काचेची सांगितली, झाकणाचं सांगायला विसरले. तशाच बाटलीत शुद्ध पाणी भरलं, कागद लावला, तीन दिवसांनी मोजलं. हुबेहूब तीच टेकडी, नुसत्या कागदातून उतरलेली. याला आम्ही कोरा नमुना म्हणतो. तो मोजल्याशिवाय आकडा बोलायचा नाही, हे पहिल्याच दिवशी शिकवतात. तुझं नाव बघून मला धीर धरवला नाही. चुकले गं.
तुझा खरा आकडा मला अजून माहीत नाही. काचेच्या बुचाची बाटली पाठवते आहे. तोवर पोटभर जेव.
तुझी, टिटवी

ता. १४ एप्रिल
चि. टिटवीस,
अ. उ. आ.
तुझी बाटली भरून रवाना केली. आकडा येईल तेव्हा येवो. चौथा महिना लागला. काल डॉक्टरीणबाईंनी ठोके ऐकवले आणि मी रडले. तुझ्यावरचा राग कधीच गेला, कान मात्र भेटल्यावर पिळणार आहे. कालच्या झोपेत टेकडीवरच्या पोराने मान वळवली. नाक तुझं आहे, देवच तारो.
मोठ्यांस नमस्कार. लहानास आशीर्वाद. तो मीच इथे पोहोचवते.
तुझी, ताई