मनगटाची खूण

१९ ऑगस्ट, दुपार

प्रिय भावोजी,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक आहोत. तुम्हीही ठीक असाल असं धरून चालते, कारण खुशाली कळवणं तुमच्या जिवावर येतं आणि विचारणं तुमच्या दादांच्या. दोघे भाऊ एकाच माळेचे मणी. मधल्यामध्ये भरडली जाते मी.

घड्याळांचं दुकान बंदच आहे. मी अधूनमधून शटर उचलून झाडून घेते. तुमचं स्टूल होतं तिथेच आहे, चिमटेही तुम्ही लावून गेलात तसेच. भिंतीवरची घड्याळं एकेक करून थांबली. पूर्वी त्यांच्या टिकटिकीने माझं डोकं उठायचं, आता ती नाही तर करमत नाही.

आमचा दोघांचा सकाळचा ओढ्याकाठचा फेरा मात्र चुकलेला नाही. पाऊस थांबला तरी रानात झाडं ठिबकतच राहतात. जळवा मोज्यांतून आत शिरतात, त्या घरी आल्यावर मीठ लावून काढायच्या. तुम्ही म्हणायचात, "वहिनी, एवढं रक्त दवाखान्यात दिलंत तर प्रमाणपत्र तरी मिळेल." परवा एकटीच हसले ते आठवून.

खंड्या अजून त्याच वाकलेल्या फांदीवर बसतो. घोरपड मोठ्या दगडावर ऊन यायची वाट बघत पडलेली असते. पाणमांजरं मात्र गेली. मधल्या पुरात पलीकडचा काठ ढासळला, त्यात त्यांची बिळं बुजली. दादांनी तुमच्या जाण्याचंही एवढं दुःख केलं नव्हतं, असं लिहिणार होते. पण ते खोटं आहे.

त्यांचा नियम तुम्हाला ठाऊकच आहे: रानात तोंड उघडायचं नाही. पाखरू दिसलं तर शेजारच्याचं मनगट एकदा दाबायचं, चार पायांचं दिसलं तर दोनदा. दुसऱ्याने बघून घ्यायचं आणि हळूच म्हणायचं, "दिसलं." लग्न झाल्यापासून आमचं निम्मं बोलणं असंच झालं. भांडणंही तेवढीच कमी झाली म्हणा.

तर गेल्या महिन्यात डोहापाशी पाण्यातून एक काळं, गुळगुळीत डोकं वर आलं. मला इतका आनंद झाला! मी त्यांचं मनगट दोनदा दाबलं. त्यांनी मान जरा तिरकी केली, बघत राहिले आणि पुटपुटले, "दिसलं. बरोबर पिल्लू पण आहे गं."

तेवढ्यात ते डोकं प्रवाहात गरकन फिरलं आणि करवतीने कापलेली बाजू वर आली. ओंडका होता तो, भावोजी. पिल्लू कुठलं नि काय कुठलं!

मग एकेक गोष्ट लक्षात यायला लागली. कपाच्या कडेला बोट लावून चहा ओतणं. शर्टाची बटणं चाचपत लावणं. ते मान तिरकी करणं मी इतके दिवस पाखरांचा आवाज ऐकणं समजत होते. नजर शाबूत असलेल्या बाईला एवढंही दिसू नये, याला काय म्हणायचं?

विचारायचा धीर झाला नाही. मी रोज दाबत राहिले. असलेलं दाखवलं, नसलेलंही दाखवलं. ते दर वेळी "दिसलं" म्हणाले. घरी येऊन चहा पिता पिता आम्ही त्या नसलेल्या जनावरांच्या गप्पा मारायचो, त्यांची शेपटी केवढी आणि रंग कसा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आम्ही दोघांनी दोन मुठी झाकून ठेवल्या होत्या.

गेल्या सोमवारी त्याच डोहापाशी त्यांनी माझं मनगट दाबलं. दोनदा. मी डोळे फाडून बघितलं. पाणी, दगड, कुजलेली पानं. मी म्हटलं, "दिसलं."

"पिल्लू?"

"ते पण."

रानात इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते मोठ्याने बोलले. झाडावरची पाखरं उडाली. "काही नाहीये तिथे! मी उगाच दाबलं. मला दिसतच नाही, तर मी दाखवणार काय तुला?"

मग तिथेच ओल्या दगडावर बसले आणि रडले. सासूबाई गेल्या तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मीही शेजारी बसले. जळवा चढत होत्या, चढू दिल्या.

शेवटी म्हणाले, "धाकट्याला लिही. म्हणावं, तुझं बरोबर होतं."

"तुम्हीच लिहा की."

"ओळ कुठे दिसते गं आता."

त्या दिवशी तुम्ही दुकानात गिऱ्हाईकासमोर म्हणालात, "दादा, काटा तबकडीला घासतोय, तुला दिसत नाहीये," आणि त्यांनी डोळ्याचं भिंग तुमच्या अंगावर फेकलं. तुम्ही खरं बोललात आणि घर सोडायची वेळ तुमच्यावरच आली. तो राग नव्हता, भावोजी. घाबरले होते ते.

काल डॉक्टरांकडे जाऊन आलो. डोळ्याच्या मागचा पडदा खराब झालाय. समोरचं गेलं, ते परत यायचं नाही. कडेचं अजून दिसतं, उजव्यापेक्षा डाव्या बाजूला बरं. तेही किती दिवस, याची डॉक्टर शाश्वती देत नाहीत. घरी येताना रिक्षात दादा म्हणाले, "त्याला एकदा बघायचंय." "बोलायचंय" नाही म्हणाले. "बघायचंय" म्हणाले.

म्हणून हे पत्र. खुशालीचं म्हणून सुरू केलं, कारण सरळ लिहायला हात धजत नव्हता.

आलात की त्यांच्या समोर उभे राहू नका. समोर तुम्ही त्यांना दिसणार नाही, ते तुमच्या आरपार बघतील आणि तुम्हाला वाटेल, अजून अढी आहे. डाव्या बाजूने या, अगदी जवळ. काही बोलू नका, नुसतं मनगट दाबा. माणूस आलं तर किती वेळा दाबायचं, ते आमच्यात कधी ठरलंच नाही.

दोघांच्या वतीने वाट पाहणारी,
तुमची वहिनी