रहीमाखालांचं भूत

शनिवार, मे १९८६

आज भुताच्या मालिकेला कुणी हसलंच नाही.

सुरुवातीला ती बघायला डेअरीत आम्ही चौघंच असायचो. मी सेक्रेटरी, म्हणून टीव्हीची किल्ली माझ्याकडं. आता अख्खं गाव येतं. दुष्काळानं दुधाचे कॅन रिकामेच, ते उपडे घालून बसतात. मालिकेतलं भूत दिसत नाही, नुसतं हिंदीत बोलतं. पुढच्या कॅनवर बसून रहीमाखाला त्याचं मराठी करून सांगतात, मग हशा.

आज त्या लेकीकडं कळंबला गेल्या. त्यांच्या कॅनवर कुणी बसलं नाही. मास्तरांनी शब्द न् शब्द सांगितला. भूत चष्मा शोधत होतं, एवढंच.

केवळबाई वैतागल्या, "नीट सांगा की मास्तर! मागल्या शनवारी ह्यानंच सरपंचाचा टँकर पळवला हुता."

दिल्लीच्या भुताला आमचा सरपंच कुठला ठाऊक? तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. टँकर, सरपंचाच्या मिशा, सगळं खालांच्या पदरचं! वर्षभर फसवलं म्हणून रागवावं का? छे, घरी येईपर्यंत एकटाच हसत होतो.

पुढच्या शनिवारी खालांना त्यांच्या कॅनवर बसवायचं आणि टीव्हीचा आवाज बंद करायचा.