सांजीच्या काड्या

६ डिसें.
संपादकांचा फोन. कल्मिक लोकांवरचा लेख सोळा तारखेपर्यंत हवा. 'कल्मिक' या नावाचा एकच अर्थ द्या म्हणे, वाचक गोंधळतात. माझ्याकडे तीन आहेत. नदी गोठली नाही म्हणून अलीकडच्या काठावर अडकले, ते 'मागे राहिलेले'. दुसरा : शेजाऱ्यांनी धर्म बदलला, हे जुन्यातच राहिले. तिसरा : सरमिसळ झालेले.
शेजारच्या बुलगुनमावशींना विचारलं. वय ८४. व्होल्गाकाठच्या कल्मिक, लहानपणापासून इथे, आमच्या या हॉवेल गावात. म्हणाल्या, "युद्धात वडील मला घेऊन निघाले. सांजी आजीजवळ राहिला. आता मागे राहिलेलं कोण, तो की मी?"
सांजी म्हणजे भाऊ, दोन वर्षांनी मोठा. त्यानंतर पत्ता नाही.

१३ डिसें.
आयसेलिनच्या देशी दुकानातून तूप आणलं, मावशींची फर्माईश. उद्या त्यांचा झूल, दिव्यांचा सण. त्या दिवशी सगळे एकदमच एका वर्षाने मोठे होतात. कणकेचा दिवा, त्यात कापूस गुंडाळलेल्या गवताच्या काड्या उभ्या खोचायच्या, वयापेक्षा एक जास्त. सांजीचाही दिवा दरवर्षी असतो.
"तो गेला असं मला कोणी कळवलेलं नाही. मी कशाला थांबवू?"

१४ डिसें., रवि.
मावशींना आता कणीक मळवत नाही, म्हणून सांजीचा दिवा मी केला. ८७ काड्या मोजून खोचल्या. पहिली चांदणी दिसल्यावर त्यांच्या पायरीवर पेटवला. प्रत्येक काडीला ज्योत लागलेली पाहिली. वारा नव्हता.
घरी सुधाला फोटो दाखवला. तिने आधी फोटो पाहिला, मग मला.
"अहो, याला चोच कशाला काढलीत? आणि तोंड दक्षिणेला?"
खरंच. धनत्रयोदशीला आई यमासाठी ठेवायची, तस्सा. बोटांनी आपोआप केला. यांचे दिवे वाटीसारखे गोल असतात.

१५ डिसें.
सकाळी सांगायला गेलो. दिवा पायरीवरच. अकरा काड्या जळून काळ्या. बाकीच्या पांढऱ्याशुभ्र, कापूस कोरडा, तुपाचा वाससुद्धा नाही. तीनदा मोजल्या.
मावशींना मोतीबिंदू. दारातूनच विचारलं, "सगळ्या जळल्या ना?"
हो म्हटलं. चोचीचं सांगायचं राहिलं.

१६ डिसें.
लेख पाठवला. अर्थ तिन्ही ठेवले. सं. चिडणार.
दुपारी मावशींनी बोलावून दोन पुड्या हातात दिल्या. पुढच्या झूलच्या काड्या, एक पुडी त्यांची, एक सांजीची, कालच वळून ठेवल्या, तुमच्याकडे असू द्या म्हणाल्या. तेव्हा चोचीचं सांगून टाकलं. असा दिवा तुमच्यात कोणासाठी लावतात, असं त्यांनी विचारलं. तेही सांगितलं. मग म्हणाल्या, "चहा घ्या." खारट चहा, वर लोण्याचा तवंग. अर्धाच गेला.
घरी येऊन पुड्या सोडल्या. एकीत ८६. दुसरीत अकरा.
सुधा म्हणते, मोजायला चुकल्या असतील, त्यांना दिसतं कुठे.
मावशींच्या ८६ मात्र बरोबर आहेत.