पहिले दहा सेंटिमीटर

३ मार्च

प्रिय आत्या,

काल दिवसभर प्लायवूड उचलून पाठ धरली आहे, तेव्हा माझा नमस्कार उभ्यानेच गोड मानून घे.

इकडे सगळे मजेत. आई कपाटांना पॉलिश करतेय आणि तो वास डोक्यात चढला की बाबांना बोलतेय. बाबा बोलणी खातायत आणि रंधा मारतायत. म्हणजे सगळं जागच्या जागी आहे. तुझा गुडघा कसा आहे?

फोन सोडून पत्र का, असं विचारशील. अगं, कारखान्यात कटर चालू असतो म्हणून बाबा फोन कायम स्पीकरवर ठेवतात. तुझ्या गुडघ्याचा एक्स-रे आमच्या शेजारच्या शिंप्यालाही तोंडपाठ आहे. आणि ही बातमी मला शिंप्याआधी तुला द्यायची आहे.

तुझ्या गावातल्या विद्यापीठाने मला घेतलं! शिष्यवृत्तीसकट. विषय गणित. तीन वर्षं नुसतं गणित. विमा कंपन्यांना लागतं ते गणितही होतं, संगणकाला जोडलेलंही होतं, दोन्हीचे अर्ज मी अर्धे भरले होते. मग माहितीपत्रकात नुसत्या गणिताच्या पहिल्या वर्षाचे विषय वाचले आणि सपाटून भूक लागावी तसं झालं. आई म्हणाली, "नुसतं गणित शिकून करणार काय? पाढे विकणार?" पण हसत म्हणाली. ती माझ्या बाजूने आहे.

याचं सगळं खापर बाबांच्या टेपवर फुटायला हवं. आठवतं ना, मी सहा वर्षांची असताना त्याचं टोक कात्रीने कापलं होतं? बरोबर दहा सेंटिमीटर. मला माझी स्वतःची पट्टी हवी होती. बाबांनी मारलं नाही. म्हणाले, "आजपासून आपला हाच टेप. प्रत्येक मापातून दहा वजा करायचे. ही तुझी शिक्षा." ती बारा वर्षं चालू आहे. मी टेप लावून आकडा ओरडते, बाबा दहा वजा करून प्लायच्या तुकड्यावर लिहितात, मी तपासते आणि मग ते बरोबरची खूण करतात. मला आधी वजाबाकीची गोडी लागली आणि मग सगळ्याचीच.

आता मुद्द्याचं. बाबांना यातलं काहीच माहीत नाही. मी दोन गल्ल्या सोडून असलेल्या कॉलेजात फर्निचरचं डिझाइन शिकणार, असं ते धरून चाललेत. दुकानाच्या पाटीवर पेंटरने "आणि कन्या" अशी अक्षरं पेन्सिलीने आखूनसुद्धा ठेवलीत, रंग भरायचा बाकी आहे. आणि मला महिनाअखेर होकार कळवायचा आहे. बाबा नाही म्हणाले तर संपलंच सगळं. ते फक्त तुझं ऐकतात. तू सांगशील? हळूहळू, आधी स्पीकर बंद करायला लावून?

तुझी लाडकी, आणि सध्या जरा लबाड,
पेन्सिल


२७ मार्च

प्रिय आत्या,

"तुझं गणित तूच सोडव." एवढं लिहायला तू आख्खा कागद वापरलास! आता ऐक. सुटलं. पण मी सोडवलं नाही.

मागच्या आठवड्यात बाबांनी नवा टेप आणला. टोकासकट. मी म्हटलं, "एवढी चैन?" तर म्हणाले, "मोज गुमान." आम्ही दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे कपाटांची मापं घेत होतो. मी ओरडले, "साठ!" बाबांनी बारा वर्षांच्या सवयीने पन्नास लिहिले. तपासायचं काम माझं, पण माझं डोकं आज सांगू की उद्या यातच गुंतलेलं. सहाच्या सहा दारं तशीच कापली गेली, आईने तशीच पॉलिश केली आणि शुक्रवारी बसवायला गेलो तर प्रत्येक दार आखूड. वर्षाअखेरीला शाळेची चड्डी होते तसं. डॉक्टरीणबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मी दात असे बसवले तर लोक मला चावतील."

चूक माझीही होती, म्हणून मी जास्तच चिडले. "बाबा, नवा टेप आणलातच कशाला?"

"मग काय करू? पुढच्या महिन्यात नवा कारागीर येतोय. तुझी शिक्षा त्याला भोगायला लावू? आणि त्याचं चुकलं तर तपासणार कोण? तू असणारेस का इथं?"

माझ्या हातातलं ड्रिल हातातच राहिलं.

बाबा खाली गाडीशी गेले आणि प्लायचा एक तुकडा घेऊन वर आले. मी ओळखला. महिन्याभरापूर्वी विचार करायला घेतला होता (आपल्या घरात कागदावर विचार करतं कोण?) आणि ढिगात ठेवून साफ विसरले होते. बाबा म्हणाले, "प्लायवर गुपितं लिहू नयेत. मी तुकडा वाचल्याशिवाय कापत नाही."

वर माझं अक्षर: बाबांना कसं सांगायचं? पहिला उपाय, आत्याने फोनवर सांगावं. त्यापुढे बाबांनी जाड पेन्सिलीने लिहिलं होतं, "ती रडेल. काही ऐकू येणार नाही." दुसरा, आईने सांगावं, बाबांच्या तोंडात घास असताना. पुढे, "ठसका लागेल." तिसरा, त्यांना आपोआप कळावं. त्यापुढे बरोबरची खूण, माप तपासल्यावर करतात तशीच.

खाली चौथी ओळ होती. ती मी तुला कळवली नव्हती, आईलाही दाखवली नव्हती. "आणि जा म्हणाले तर?"

आत्या, खरं सांगू? त्यांच्या नकाराला मी घाबरलेच नव्हते. नाही म्हणाले असते तर मी तणतणले असते, चार दिवस अबोला धरला असता आणि सगळा दोष त्यांच्यावर ढकलून मुकाट्याने इथेच राहिले असते. हो म्हणाले तर मात्र खरंच जावं लागणार होतं. बाबांना टेपची दोन्ही टोकं एकट्याने धरायला लावून. तुझ्याकडे मदत मागितली ती जरा वेळ काढायला, हे तू ओळखलंस म्हणूनच ते चार शब्द लिहिलेस ना?

त्या चौथ्या ओळीपुढे बाबांनी लिहिलंय, "तर जायचं."

मी तिथेच पेशंटच्या खुर्चीत बसून रडले. डॉक्टरीणबाईंनी सवयीने वरचा दिवा लावला आणि म्हणाल्या, "आ करा." मग आम्ही तिघंही जे हसत सुटलो! बाबा हसताना डोळे पुसत होते आणि लाकडाचा भुसा गेला म्हणत होते. तिथे भुशाचा कणही नव्हता.

होकार काल पाठवला. डॉक्टरीणबाईंची दारं नव्याने होतायत. मी घाबरत घाबरत विचारलं, "पाटीवरचं 'आणि कन्या' पुसायला सांगू का?" तर बाबा खेकसले, "पुसायला काय झालं? शिकायला चाललीयेस, मेलीयेस थोडीच!" आज पेंटर त्यात पिवळा रंग भरतोय.

नवा टेप बाबांनी मला देऊन टाकला. त्यांना म्हणे जुनाच बरा, या वयात दहा वजा करायचं सोडायला कुठे शिकायचं. दर रविवारी आठवड्याची मापं घेऊन ते मला फोन करणार आहेत, वजाबाकी तपासायला. स्पीकरवरच. म्हणजे शिंप्याचंही शिक्षण होईल.

आणखी एक. आखूड दारांपैकी एकाचं बाबा माझ्यासाठी टेबल करतायत, सुटं होऊन सामानात मावेल असं. तेव्हा तुझ्याकडच्या माझ्या खोलीतली खिडकीखालची भिंत मोजून कळव. आहे तेवढीच लिही. इकडे ती तपासायला, सप्टेंबरात मी निघेपर्यंत, आम्ही दोघं आहोत.

तुझ्याकडे यायला निघालेली,
बाबांची
पेन्सिल